खंडेनवमीची सही

नांदेड,
बुधवार

प्रिय सुदाम,

आधी खुर्चीत नीट बस आणि मग वाच. माझं अक्षर बघून तू दचकला असशील, कारण अक्कानं कागदावर लिहावं असं आपल्या घरात आता काही उरलेलंच नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा आपण मोबाइलवर ढकलतो. माय-आप्पा बरे आहेत. सकाळीच बोलले मी मायशी. गुडघा तिला छळतोय आणि ती आप्पांना छळतेय, म्हणजे चाकूरला सगळं जागच्या जागी आहे. तेव्हा घाबरू नकोस. किंवा घाबर, पण पूर्ण वाच. लहानपणी कुठलंही पुस्तक हातात पडलं की शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती आज करू नकोस. अर्ध्यात उठून मला फोनही लावू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘अगं अक्का, ऐक तर’ म्हणत विषय असा काही फिरवतोस की फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात येतं, जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. कागदाला तसं मधे तोडता येत नाही.

आमच्या रक्तपेढीत काय झालंय ते दीपालीकडून थोडंफार तुझ्या कानावर आलं असेल. तिला मी सगळं सांगितलेलं नाही, आणि तुझ्या बायकोला सगळं सांगायचं की नाही हे यापुढे तुझं तू ठरव. हिमायतनगरचा वैजनाथ नावाचा एक मुलगा आहे. तिकडच्याच एका शाळेवर मास्तर आहे. दसऱ्यानंतर शाळेत रक्तदानाचं शिबिर झालं, त्यात त्यानं रक्त दिलं. तुला माहीत आहे, येणाऱ्या प्रत्येक पिशवीची आम्ही एचआयव्हीची, काविळीची तपासणी करतो. पहिल्या तपासणीत त्याचा निकाल संशयास्पद आला. असं होतं कधीकधी. ती तपासणी मुद्दामच कडक असते, धडधाकट माणसालाही अडकवते. म्हणून आमच्याकडे दंडक आहे की दुसरी तपासणी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, फोनवर तर काहीच सांगायचं नाही, माणसाला समोर बसवून, पाणी देऊन मग बोलायचं. आम्ही त्याला बोलवायच्या आत दुसऱ्याच कुणाचा तरी फोन त्याला गेला. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलेलं. तुझा निकाल आमच्याकडे आहे, सांगतो तसं कर, नाहीतर मुलीच्या बापाला कळवतो, असं त्याला सांगण्यात आलं. हे त्यानं एका मित्राला सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. त्यांनी एका जागी बोलावलंय, भेटून येतो, असं म्हणून तो निघाला. कुठं बोलावलंय ते मित्रालाही सांगितलं नाही. त्याची मोटारसायकल हिमायतनगरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर सापडली. तो सापडलेला नाही. त्याचा फोन बंद आहे.

आणि सुदाम, दुसऱ्या तपासणीत त्याच्या रक्तात काहीही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ताजा नमुना एकदा घ्यावा लागेल, पण पोरगं बहुतेक ठणठणीत आहे. ज्याला कळायला पाहिजे तो एकटा सोडून हे आता आम्हा सगळ्यांना कळलंय. तो कुठं तरी स्वतःला संपलेला समजून बसलाय, नाहीतर कुणीतरी त्याला बसवून ठेवलंय. तिसरी गोष्ट मला लिहवत नाही.

त्याची आई रोज येते. रुक्मिणबाई तिचं नाव. हिमायतनगरहून सकाळच्या गाडीनं येते आणि आमच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसते. नवरा नाही, हा एकच लेक. फडक्यात भाकरी बांधून आणते आणि ती तशीच परत नेते. सुरुवातीला तिला वाटलं, रक्ताच्या निकालाचा फोन म्हणजे तो रक्तपेढीतून आम्हीच केला. पांढरा कोट घातलेला कुणीही दिसला की उठून उभी राहते. आजार बिजार काय ते तिला नीट समजलेलंही नाही, आणि समजलं तेवढ्याची तिला पर्वा नाही. तिचं एकच म्हणणं असतं, आणि ते ऐकून मला घरी गेल्यावर जेवण जात नाही. ‘बाई, माझ्या लेकराला कोण बोलिवलं तेवढं सांगा. मी जाऊन घिऊन येते.’ जणू शेजारच्या गल्लीत खेळायला गेलाय. मी तिला चहा देते. दुसरं काय देणार.

खापर फोडायला कुणीतरी लागतंच. आमच्याकडे मलिका आहे, रक्तदात्यांशी बोलायचं काम तिचं. तुला आठवत असेल, माझ्या घरी ईदला शीरखुर्मा घेऊन आली होती, तू तीन वाट्या हाणल्या होत्यास. असले निकाल तिला आणि डॉक्टरांनाच दिसतात. डॉक्टरांनी तर फोडलं नसणार, मग राहिलं कोण, असा सरळ हिशोब लावला आमच्या मंडळींनी. चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणाले. ती रडली नाही, नुसती टेबल आवरत राहिली. तिच्यामागं कोण काय काय बोललं ते लिहायचीसुद्धा मला लाज वाटते. माझं डोकं तेव्हाच फिरलं. मी डॉक्टरांना म्हटलं, ही पोरगी दुसऱ्याचं दुःख पोटात ठेवून घरी जाणारी आहे, फुटलं असेल तर कंप्युटरमधून फुटलं असेल. डॉक्टर म्हणाले, मग तपासा की, कंप्युटर तुमच्याकडेच आहे, आणि प्रोग्राम तुमच्या भावाचा आहे. ते टोमण्यानं नाही म्हणाले. पण मी तशीच कंप्युटरकडे वळले.

तो प्रोग्राम इथं मीच आणला. तुझ्यासाठी शब्द टाकला आणि तू त्या शब्दाचं चीज केलंस, हे मी कुणासमोरही सांगेन. पिशवी कुणाची, गट कोणता, तपासणीत काय निघालं, कुठल्या रुग्णाला गेली, सगळं एका जागी. आधी आम्ही नुसते धावत असायचो. नवी आवृत्ती निघाली की तुझा प्रोग्राम ती आपोआप उतरवून घेतो, आणि तू न चुकता आदल्या दिवशी फोन करतोस, अक्का, उद्या जरा वेगळं दिसंल, घाबरू नको. त्या दिवशी मी प्रोग्रामच्या फाइलवर नजर टाकली तर ती बदललेली होती. दसऱ्यानंतर नवीन येऊन बसली होती आणि तुझा फोन काही आलेला नव्हता. मी मनात म्हटलं, सापडलं. कुणीतरी माझ्या भावाच्या नावावर खोटी फाइल आणून घातलीय. विश्वास ठेव, मला इतकं हलकं वाटलं की मी कॅन्टीनमध्ये जाऊन भजी खाल्ली.

आता गंमत बघ, ते तपासायचं कसं हे मला तूच शिकवलंस. तुझं ते सहीचं टोकन नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. असल्या सह्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या परदेशातल्या कंपनीच्या माणसानं व्हिडिओवर तुझं आधार कार्ड बघितलं, तुझं थोबाड बघितलं आणि मग कुरिअरनं ते टोकन चाकूरला पाठवलं. दिसायला साधा पेनड्राइव्ह. तू आप्पांना ओट्यावर बसवून समजावत होतास की आता मी बनवलेल्या प्रोग्रामवर माझी सही बसणार. फाइलमधल्या अक्षरन्‌अक्षराचा ठसा घेऊन तो या टोकनमधल्या गुप्त किल्लीनं बंद करायचा, मग नंतर कुणी एक टिंबही इकडचं तिकडं केलं तर कंप्युटर सांगतो की सही जुळत नाही. आप्पांनी विचारलं, पेन लागत न्हाई का. मग म्हणाले, भूकंपानंतर आम्ही किल्लारीला एवढी घरं बांधली पण भिंतीवर नाव कुणी टाकलं नाही, कारण नाव टाकलं की भिंतीला तडा गेल्यावर लोक तुलाच येऊन विचारणार. तू हसलास आणि म्हणालास, आप्पा, त्याच्यासाठीच तर असतंय हे. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता. गवंड्याचा पोरगा, कॉलेजात कुणी ओळखत नव्हतं, आणि जगातल्या कुठल्याही कंप्युटरवर त्याचं नाव उघडून बघता येतंय. मग मला म्हणालास, अक्का, माझ्या नावानं काहीही आलं तरी आधी सही बघायची, मी स्वतः आणून दिलं तरी.

म्हणून मी बघितली. फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. मला काय बघायचं होतं सांगू? मला तिथं काहीच नको होतं. रिकामं हवं होतं. किंवा नाव भलत्याचंच असावं, किंवा सही मोडलेली असावी. तिथं तुझं नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, सुदाम किशनराव सोनटक्के. मी डिटेल्सवर दाबलं. सही बरोबर आहे, असं आलं. मी खिडकी बंद केली आणि परत उघडली, मूर्खासारखी, दुसऱ्यांदा वेगळं येईल म्हणून. जुनी आवृत्ती एका पेनड्राइव्हवर होती, ती काढून दोन्हींच्या सह्यांची प्रमाणपत्रं शेजारी शेजारी लावली. क्रमांक तोच, ठसा तोच, मुदत तीच. म्हणजे दोन्ही सह्या एकाच टोकनच्या. मी तरीही स्वतःला समजावलं की नवीन फाइल असेल पण वाईट कशावरून? तुझ्या लातूरच्या दुकानातल्या कुणा पोरानं काहीतरी किरकोळ दुरुस्ती केली असेल आणि तू फोन करायला विसरला असशील. माणूस आहे, विसरतो.

मग मी जीशानला बोलावलं. मलिकाचा मोठा भाऊ. इतवाऱ्यात त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दोन-चार दवाखान्यांचं नेटवर्क तोच सांभाळतो. आला तो तापलेलाच होता, आणि का नसावा, त्याच्या बहिणीला गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली होती. पण कामाला बसल्यावर एक अक्षर वाकडं बोलला नाही. त्यानं ती फाइल वेगळ्या कंप्युटरवर चालवली, खोटी नावं आणि खोटे निकाल घालून, आणि बाहेर काय जातंय ते बघत बसला. चांगले निकाल घातले की काही होत नव्हतं. एक संशयास्पद निकाल घातला, आणि तो घालताक्षणी त्या माणसाचं नाव, गाव, मोबाइल नंबर सगळं बाहेर गेलं. तुझ्या सर्व्हरवर नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी पत्त्यावर, ज्याचा मालक कोण ते दिसत नाही. फक्त तेवढंच जातं, रे. पहिल्या तपासणीत अडकलेलं माणूस. दुसऱ्या तपासणीची वाटसुद्धा ते बघत नाही. आमच्या दाराबाहेर उभा राहून कुणीतरी रडवेला चेहरा हेरावा तसं.

मी म्हटलं, जीशान, पण सही तर बरोबर दाखवतोय. तर तो जे बोलला ते तसंच लिहिते, मला तो मोठ्या बहिणीसारखं आपा म्हणतो. ‘आपा, साइन बरोबरच हाय. फाइल चांगली का वाईट, ते साइन कुठं सांगतंय? कोणी दिली आणि दिल्यापासून बदलली का, तेवढंच सांगतंय. दिली भाईनं, आणि बदलली न्हाई.’ मला त्याचा राग आला. मी म्हटलं, टोकन चोरीला गेलं असेल. तो म्हणाला, असेल, पण पासवर्ड? मी म्हटलं, दुकानात कामाला पोरं आहेत, कुणी बघितला असेल. तो म्हणाला, असेल. त्याच्या त्या ‘असेल’नं माझं डोकं उठलं. मग तो म्हणाला, सहीवर वेळेचा शिक्का पण असतो, तो बघा. तो आपल्या कंप्युटरच्या घड्याळाचा नसतो, बाहेरची संस्था मारते, म्हणून मागंपुढं करता येत नाही.

तारीख बघितली आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. खंडेनवमी! दुपारची वेळ. मी जीशानला म्हटलं, सुटला माझा भाऊ. अरे, त्या दिवशी आमच्या घरात कुणी हत्याराला हात लावत नाही. मी स्वतः होते तिथं. आदल्या दिवशी आप्पांनी थापी, ओळंबा, पाणसळ राखेनं घासून ठेवली होती, हात चालत नाही आता तरी चमकावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना. मायचा विळा, माझी कात्री, तुझा लॅपटॉप, आणि वर तुझं टोकन. पाटावर मांडलं सगळं. हळदीकुंकू मी लावलं, आणि टोकनला लावताना तुला चिडवलं की घ्या, आता उद्या सोनं लुटेपर्यंत सायबांची सही बंद. पूजेतलं अवजार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मी बोलत सुटले होते. जीशान ऐकत होता. मग त्यानं हळूच विचारलं, ‘टोकन देवापुढं होतं. मग देवापुढं कोण होतं, आपा?’

मी त्याला उत्तर दिलं नाही. पिशवी उचलली आणि घरी आले. तुला देते उत्तर.

घट बसलेले असताना आपण घराला कुलूप लावत नाही. दिव्यापाशी कुणीतरी बसावं लागतं. त्या दुपारी धाकट्या काकांकडं सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या, सगळ्या घरालाच आवतण होतं. दरवर्षी माय मागं राहते. या वर्षी तू म्हणालास, ‘माय, तू जा. मी बसतो दिव्यापाशी.’ मायला काय आनंद झाला होता रे. रस्ताभर सांगत होती, सुदामला आता संसाराची समज आली म्हणून. दीपालीसुद्धा लाजल्यासारखी हसत होती. आम्ही सगळे गेलो, आप्पांनासुद्धा रिक्षात घालून नेलं, आणि घरात तू एकटा राहिलास. तुझ्या दुकानातली पोरं लातूरला होती. टोकन पाटावर होतं. पासवर्ड तुझ्या डोक्यात होता. आम्ही परत आलो तेव्हा दिवा व्यवस्थित तेवत होता, वातसुद्धा तू सारखी केली होतीस. टोकनवरचं कुंकू मात्र पुसट झालं होतं. मी परत लावायला गेले तर तू म्हणालास, वाऱ्यानं गेलं असंल. आप्पांच्या थापीवरचं गेलं नाही, माझ्या कात्रीवरचं गेलं नाही. तेवढ्यावरच कसलं वारं आलं होतं, सुदाम?

आदल्या दिवशी आलेला तो पाहुणाही आता मला आठवतो. पांढऱ्या गाडीतला. घरात आला नाही, लिंबाखालीच उभा राहिला, मायनं दिलेला चहा घेतला आणि कप गाडीच्या टपावर ठेवून गेला. तू त्याला सर, सर करत होतास. दीपाली म्हणालीसुद्धा, हे तर कलेक्टरलाही सर म्हणायचे नाहीत. तू आम्हाला त्याचं नाव सांगितलं नाहीस, कामाचे आहेत एवढंच म्हणालास. तो गेल्यावर तू अर्ध्या ताटावरून उठलास आणि मी समजले, थकलाय. त्यानं तुला काय सांगितलं असेल याचा मी खूप विचार केला. औषध कंपनीला आकडे पाहिजेत म्हणाला असेल. सर्वेक्षण आहे, नावं नुसती जमा होणार, कुणाला काही कळणार नाही, म्हणाला असेल. कदाचित तुझीच कसली तरी दुखरी नस त्याच्या हातात असेल. एक मात्र मला माहीत आहे, तू कुणाचा जीव घ्यायला निघालेला माणूस नाहीस. वैजनाथला फोन गेला तेव्हा तुला कळलंही नसेल. पण नंतर कळलं, सुदाम. परवा मी फोनवर दीपालीशी बोलत असताना तू मागून विचारलंस, ‘त्या हिमायतनगरच्या पोराचं काय झालं?’ मी तोवर गावाचं नाव घेतलंच नव्हतं.

मी तुझ्यावर चिडलेय, इतकी चिडलेय की मघाशी भाकरी थापताना तवा आपटला आणि शेजारीण विचारायला आली. आणि मला रडूही येतंय. तुला न्यूमोनिया झाला होता तेव्हा मी शाळा बुडवून तुझ्या उशाशी बसले होते, त्यापेक्षा आज जास्त भीती वाटतेय. मायला हे कोण सांगणार? आप्पा ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझं नाव मोबाइलवर उघडून दाखवतात, त्यांना कोण सांगणार? आणि वैजनाथ एकटाच आहे का? आमच्याकडचे गेल्या काही दिवसांतले सगळे संशयास्पद निकाल डॉक्टरांनी काढलेत. त्यातल्या एक बाई फोन उचलत नाहीत. एक माणूस उचलतो आणि आमचं नाव ऐकताच ठेवतो. आमच्यासारख्या आणखी किती ठिकाणी तुझी ती फाइल बसलीय, ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. तुला सावध करायला नाही, आणि पळ म्हणायला तर नाहीच. हे लिहायला बसण्याआधी मी पोलीस ठाण्यात जाऊन आले. दोन्ही फाइली दिल्या, सही दाखवली, तारीख दाखवली, आणि दिव्यापाशी कोण बसलं होतं तेही सांगितलं. ते तुझ्याकडे येतील. पण त्यांचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन लातूरला पोचेपर्यंत जो वेळ जाईल, तो वैजनाथकडे आहे की नाही कुणालाच माहीत नाही. म्हणून हे पत्र मी टपालानं पाठवलं नाही. ज्या म्हाताऱ्या बाईनं ते आत्ता तुझ्या हातात दिलं आणि जी तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसलीय, ती रुक्मिणबाई आहे. जीशान तिला घेऊन आलाय, तो बाहेर गाडीत आहे. तिला वाचता येत नाही. तिला मी एवढंच सांगितलंय की माझ्या भावाला माहीत आहे, तुमच्या लेकराला कोणी बोलावलं. ती तुझ्यावर चिडणार नाही, उलट तुझे पाय धरायला येईल. धरू देऊ नकोस. वाचून झालं असेल तर मान वर कर, सुदाम, आणि तिला त्या माणसाचं नाव सांग.

तुझीच,
अक्का